कन्सोलधारक मंडळाचे गाय-प्रकरण

४ जानेवारी
चष्म्याचे दुकान, मागची खोली

साडूभाऊ,

आज दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून मंडळाचं काम काढून बसलो आहे. तुम्ही अध्यक्ष, तेव्हा तुमच्या कानावर घालणं हे चिटणीस म्हणून माझं कर्तव्य. आपल्या टपाली कन्सोलधारक मंडळाला या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त मंडळाचा इतिहास छापायचा असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. कार्यकारिणी म्हणजे सध्या मीच. तुमचं मत मी अनुकूल धरलं आहे.

पहिलं प्रकरण लिहून झालं. लेन्स घासायचं यंत्र घेतलं तेव्हा विक्रेत्याने सोबत व्हिडिओ गेमचा कन्सोल भेट दिला होता, तिथून सुरुवात केली आहे. त्याबरोबर एकच कॅसेट होती. ती खेळून संपली आणि दुसरी कुठे मिळेना, म्हणून मी पेपरात जाहिरात दिली, 'कन्सोलधारकांनी लिहावे'. वीसेक जणांनी लिहिलं. मग ज्याच्या त्याच्याकडच्या कॅसेटी टपालाने फिरायला लागल्या, माझ्याच दुकानातल्या चष्म्याच्या खोक्यांतून, वर 'काच आहे, जपून' असं लिहून. एका भूलतज्ज्ञांकडे चुकून खरा चष्मा गेला होता. त्यांनी तो वर्षभर वापरला आणि 'खेळ चांगला आहे, थोडा संथ वाटतो' असा अभिप्राय कळवला. हे मी इतिहासात घेतलं आहे.

दुसऱ्या प्रकरणात नियम आहेत. पंधरवडा एका सभासदाचा, पुढचा दुसऱ्याचा. आणि नियम चौदा, ज्यावर मंडळ उभं आहे: आधीच्याने जिथवर खेळून ठेवलं असेल तिथून पुढे खेळायचं, त्याचं पुसायचं नाही. त्यामुळेच त्या शेतीच्या गेममधलं एकच शेत आपण सगळ्यांनी मिळून कसलं. पुढे मोबाइल आले आणि सभासद गळाले. आता उरलो तुम्ही आणि मी, आणि ते शेत.

एक गोष्ट मात्र इतिहासात लिहीत नाही. आपल्या बायका सख्ख्या बहिणी. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात त्यांचं काय बिनसलं ते त्या सांगत नाहीत, पण तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. या दोन घरांत आता ये-जा करते ती एवढी कॅसेट. ती थांबली तर ही घरं एकमेकांना कायमची तुटली असं समजा. म्हणून मंडळ टिकलं पाहिजे.

तुमच्या खेळाविषयी दोन पानं लिहून पाठवा. मुख्य खेळाडू आता तुम्हीच आहात.

तुमचा थोरला साडू
तथा मानद चिटणीस


१५ जानेवारी
मोटार ड्रायव्हिंग स्कूल

चिटणीससाहेब,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका बाईंना रिव्हर्स शिकवत होतो आणि मागे पोस्टमन उभा होता. कोणाला लागलं नाही, पण पत्राला टायरची खूण आहे.

इतिहास जरूर छापा. माझ्या खेळाबद्दल काय लिहू? कॅसेट येते, मी ती टीव्हीखाली ठेवतो, पंधरवडा झाला की उचलून तुम्हाला पाठवतो. मधल्या काळात अर्थात खेळतो. आता इतका हात बसलाय की खेळतोय हे कळतसुद्धा नाही. तुम्हीच खरे खेळाडू. टोमॅटोला कुंपण घातलंत ते फार नीटस झालं आहे, असं आमच्या घरात बोललं गेलं.

आमची ही बरी आहे. तुमच्याकडचं काही विचारत नाही, मीही आपणहून सांगत नाही. फक्त तुमचं पत्र टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो की परत येईपर्यंत त्याची जागा बदललेली असते. पंख्याने होत असेल.

कॅसेट महिनाअखेरीस पाठवतो.

धाकटा साडू
अध्यक्ष


२ फेब्रुवारी
दुकान

अध्यक्ष महाशय,

बाब गंभीर आहे.

इतिहासाच्या मुखपृष्ठावर आपल्या शेताचं छायाचित्र असावं म्हणून काल शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं. कॅसेट तुमच्याकडून कालच आलेली. टीव्ही लावला. शेत होतं, टोमॅटो होते, कोंबड्या होत्या. गाय नव्हती. गोठा रिकामा. फोटोवाला म्हणाला, "गाय नसली तर नसू दे, आभाळ चांगलं आलंय." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

ती गाय मंडळाची सर्वांत जुनी मालमत्ता आहे. जुळ्या हिशेबनीस भावांनी ती वासरू असताना घेतली, दातांच्या डॉक्टरांनी तिला आजारातून उठवलं, वीस घरचा चारा खाऊन ती मोठी झाली. ती तुम्ही मला न विचारता बाजारात नेऊन विकलीत. नियम चौदाचा याहून उघड भंग मंडळाच्या इतिहासात झालेला नाही, आणि तो इतिहास मीच लिहितो आहे.

आमची मंडळी चहाचे कप न्यायला आली होती. पडद्याकडे बघून तिने विचारलं, "गाय कुठंय?" मी म्हटलं, साडूंनी विकली. ती आत गेली. मग स्वयंपाकघरात डबे पडल्याचा आवाज झाला. मांजर असावं. आमच्याकडे मांजर नाही, पण शेजाऱ्यांकडे आहे.

खुलासा लेखी पाठवावा.

मानद चिटणीस


२४ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूल

साहेब,

खुलाशाला उशीर झाला, कारण परीक्षेला नेलेले माझे तिन्ही विद्यार्थी एकाच खांबावर गेले आणि खांब नगरपालिकेचा निघाला.

होय, गाय विकली. पूर्ण विचारांती विकली. दूध देते म्हणून सगळे तिचं कौतुक करतात, चारा किती खाते ते कोणी बघत नाही. आणि गाडी असताना गाय हवी कशाला? आपल्या गेममध्ये गाडी आहे ना? असेलच.

मी हिला सहज विचारलं होतं, की गेममध्ये गाय विकलेली चालते का. तर ही म्हणाली, "तिकडचे काय म्हणाले?" म्हटलं, भडकलेत. तशी ही हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला आणि मला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. या घरात एवढं हसू मी फार दिवसांनी ऐकलं, म्हणून ती गाय विकल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता तुमचं ऐका. तुमच्याकडून कॅसेट या वेळी आठवड्यातच आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही तणतणत बाहेर आली. "खुराड्याच्या दारात दगड टाकलेत. हे एवढाले. कोंबड्यांना बाहेर पडायला वाट ठेवली नाही." ही कधीकधी टीव्ही पुसते, तेव्हा तिच्या नजरेला पडलं असणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला गायीचा खुलासा मागायचा आणि आपण गुपचूप दगड टाकायचे? माझ्या कोंबड्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

पंधरवडा संपला म्हणून कॅसेट नियमाप्रमाणे परत पाठवतो आहे. मी काही तुमच्यासारखा नाही.

अध्यक्ष


३ मार्च
दुकान

महाशय,

दगडांविषयी: ते टाकले गेले असतील तर योग्य कारणासाठीच टाकले गेले असणार. चिटणीस या नात्याने मी त्यांची संपूर्ण जबाबदारी घेतो.

गायीविषयी: तुमचा खुलासा समाधानकारक नसल्याने चौकशी समिती नेमली. समितीत एक सदस्य आहे, मी. बैठक मागच्या खोलीत झाली. तुम्हाला बोलावणार होतो, पण तुम्ही आरोपी असल्यामुळे ते बरं दिसलं नसतं. निर्णय एकमताने झाला. तुमचं सभासदत्व स्थगित करण्यात आलं आहे. कॅसेट मुद्देमाल म्हणून दुकानाच्या खणात, चष्म्यांच्या काड्यांच्या खोक्याखाली कुलूपबंद केली आहे. यापुढे ती कोणी लावायची नाही, मीसुद्धा नाही.

'मंडळाचे उज्ज्वल भविष्य' हे शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं होतं, ते तूर्त थांबवलं.

साडूभाऊ, मला याचा आनंद होत नाही. दोन घरांतली उरलीसुरली वाट आपण बंद करतोय हे मला दिसतं आहे. पण मग नियम केले कशाला?

मानद चिटणीस


१२ मार्च
ड्रायव्हिंग स्कूल

साहेब,

मीही अध्यक्ष आहे, नुसता शोभेचा नाही. तुमचं सभासदत्व मी रद्द करतो. आता मंडळाला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे आणि सभासद एकही नाही. हेही इतिहासात घ्या.

इतकं लिहून पत्र बंद करणार होतो, पण साडू म्हणून एक सांगतो. घरात काही ठीक नाही. हिने विचारलं, कॅसेट कधी यायची? म्हटलं, आता यायची नाही, तो विषय संपला. ही खुर्चीत बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर पुढ्यात रिकामं ताट. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "मंडळ बंद आहे." रागावली म्हणावं, तर डोळ्यांत पाणी. मला वाटलं कोंबड्यांवर जीव जडला असेल, म्हणून बाजारातून किल्लीची कोंबडी आणून दिली, दाणे टिपते ती. ती तिने माझ्या अंगावर फेकली. जमिनीवर पडूनही टिपत होती.

तुमच्याकडे सगळं ठीक ना?

धाकटा साडू


२० मार्च

मा. चिटणीस, टपाली कन्सोलधारक मंडळ, यांस,

हे पत्र मी आपल्याच घरात बसून लिहिते आहे आणि चौकातल्या पेटीत टाकणार आहे. तुम्ही शेजारच्या खोलीत इतिहास लिहिताय, पण तोंडी काही सांगायला आलं की 'लेखी द्या' म्हणता. तर घ्या लेखी.

तुम्ही गेली कित्येक वर्षं खेळलेला नाहीत. कंट्रोलर हातात धरून खुर्चीत झोपता. तो तुमच्या हातातून सोडवून मी खेळते. तुमचे साडूही खेळत नाहीत. ज्या माणसाला गेममध्ये गाडी आहे की नाही हे ठाऊक नाही, तो काय डोंबल खेळणार? दुसऱ्यांना चष्मे विकता आणि स्वतःचा विसरून साडूंची पत्रं माझ्याकडून वाचून घेता, तेव्हा मला सगळं माहीत असतं.

तिकडे खेळते ती माझी बहीण. मला ते पहिल्याच महिन्यात कळलं. मी ज्या रोपांना पाणी घालायला विसरायचे, त्यांना कॅसेट परत येईस्तोवर कोणीतरी पाणी घातलेलं असायचं. तुमच्या साडूंना हे सुचणार नाही. त्यांच्या स्कूलच्या दारातली कुंडीसुद्धा वाळलेली असते.

मला तिच्याशी बोलता येत नाही. फोन उचलते आणि ठेवते. पण त्या शेतात आम्ही दोघी होतो. तिने पेरावं, मी कापावं, असं चाललं होतं. मग तिने गाय विकली. मला असा राग आला की मी डबे आपटले आणि तिच्या कोंबड्यांपुढे दगड टाकले. मांजर नव्हतं ते. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडलो, आणि त्या दिवशी मला शांत झोप लागली. आता माझ्या दगडांवर तिने काहीतरी उत्तर दिलेलं असणार, आणि ते तुमच्या खणात काड्यांखाली कुलपात आहे.

तुम्हा दोघांना साप म्हणून भुई धोपटायची हौस असेल तर खुशाल धोपटा. पण आधी खण उघडा.

सभासदत्वासाठी अर्ज सोबत जोडला आहे. पासपोर्ट आकाराचे दोन फोटोही जोडले आहेत, म्हणजे मी कोण हे तुम्हाला ओळखू येईल.

अर्जदार
(तुमची बायको)


२४ मार्च
दुकान

साडूभाऊ,

आमच्या घरातून आमच्याच घरी आलेल्या पत्राची प्रत सोबत पाठवतो. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा ही दारात उभी राहून बघत होती. मी वाचलं. मग चौकशी समितीची बैठक घेतली. समितीने ते पुन्हा एकदा वाचलं.

मी खेळत नाही, साडूभाऊ. लेन्स घासून अंगठे गेले. तुम्ही इतक्या जिद्दीने खेळताय आणि चिटणिसानेच हात टेकले असं दिसू नये, म्हणून बोललो नाही. मी न टाकलेल्या दगडांची जबाबदारी घेतली आणि तुम्ही न विकलेल्या गायीचं समर्थन केलंत. आणि वर एकमेकांना काढून टाकलं. इतिहासाच्या या प्रकरणाला काय नाव द्यावं ते सुचत नाही.

दोघांचंही सभासदत्व पुन्हा सुरू केलं आहे. खण उघडला आहे. अर्ज मंजूर केला, फोटो ठेवून घेतले. फोटोत ती छान दिसते, हे तिला सांगितलं, तर म्हणाली लेखी द्या.

आता एक करा. हे पत्र आणि ती प्रत टेबलावर ठेवा आणि घराबाहेर पडा. बराच वेळ परत येऊ नका.

तुमचा
थोरला साडू


२ एप्रिल

ताई,

भाऊजींचं पत्र टेबलावर ठेवून हे गाडी धुवायला गेले. गाडी आदल्या दिवशीच धुतली होती. धुऊन झाली तशी शेजाऱ्यांची धुतली, मग समोरच्यांची धुवायला घेतली. तोवर मी तुझा अर्ज तीनदा वाचला.

तू खेळतेस हे मलाही कधीच कळलं होतं. पेरायच्या आधी तू शेतातले सगळे दगड वेचून एका कोपऱ्यात रचून ठेवतेस. लहानपणी खेळायला बसलो तरी तू आधी जागा झाडून घ्यायचीस, आणि झाडून होईपर्यंत दिवे लागायची वेळ व्हायची. खेळ राहूनच जायचा. दगडांची ती रास पडद्यावर बघितली आणि मी यांच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला. तेव्हापासून हे नुसते टपालापुरते अध्यक्ष आहेत.

गाय मी मुद्दाम विकली. इतकी वर्षं तू माझ्या रोपांना पाणी घालत होतीस, कुंपणं घालत होतीस, माझ्या कोंबड्यांची अंडी न घेता तिथेच ठेवत होतीस. सगळं गुपचूप, शहाण्यासारखं. मला त्याचाच संताप यायचा. मला वाटलं, ही आता माझ्यावर रागावणारसुद्धा नाही, इतकी मी परकी झाले. म्हणून जे तुझं सगळ्यांत लाडकं होतं ते बाजारात नेलं. दगड दिसले तेव्हा मी यांच्यासमोर आरडाओरडा केला आणि आत जाऊन पोटभर रडले. बरं वाटून रडले.

पण एक लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर हे सगळं पत्र खोटं होईल. आई आत होती आणि तू मला लिफ्टच्या दारात म्हणालीस, "तू पाहुणीसारखी येतेस, दोन घटका बसतेस आणि जातेस." मी दोन गाड्या बदलून यायचे, ताई. रात्रभर जागून सकाळी परत कामावर जायचे. तू ते वाक्य बोललीस आणि लिफ्ट आली, आणि मी आत गेले. मी ते विसरलेले नाही. मला ते विसरायचंही नाही. मला एवढंच कळत नाही, की तरीही महिनाभर कॅसेटची वाट का बघते.

कॅसेट पाठव. मी दगडांचं काय केलं ते बघ आधी, मग पाठव.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

बघितलं. मी टाकलेले दगड उचलून तू कोपऱ्यात रचलेस, माझ्यासारखे. मला चिडवायला. आणि तेही वाकडे रचलेस. मी ते सरळ केले नाहीत. दोनदा हात गेला होता.

लिफ्टचं तू लिहिलंस, त्यावर मी चार वेळा कागद घेतला. एकदा मी बरोबर ठरत होते, एकदा तू, आणि उरलेल्या दोन्ही वेळा नुसतं आईबद्दलच लिहिलं जात होतं. सगळे फाडले. ते शब्द मी तुझ्या तोंडावर बोलले होते. आता जे काही बोलायचं आहे तेही तुझ्या तोंडावरच बोलेन, मग तू ऐक नाहीतर पुन्हा लिफ्टमध्ये शीर. आमच्याकडे लिफ्ट नाही, तीन मजले उतरून जावं लागेल. तेवढ्यात मी तुला गाठीन.

दोघा साडूंना आता सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. विषयपत्रिका ह्यांनी तयार केली आहे. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त, दुसरा विषय आपण दोघी. त्यांना गॅलरीत दोन खुर्च्या टाकून देऊ आणि दाराला कडी लावू. सभेत त्यांनी एकमेकांना पुन्हा निलंबित केलं तरी त्यांचं ते बघतील.

कॅसेट पाठवत नाही. टपालात धक्के बसतात, आतला सेल हलला तर सगळं शेत पुसलं जाईल, असं हे तुला कळवणार होते. ते मीच त्यांना लिहायला सांगितलं होतं, नंतर नको म्हटलं. सेल अगदी ठणठणीत आहे. कॅसेट मला पाठवायची नाही, एवढंच खरं आहे. गादी उन्हात घातली आहे आणि टीव्हीसमोर दुसरी खुर्ची ठेवली आहे.

तुझा पंधरवडा सोमवारी सुरू होतो. इथे येऊन खेळ.

ताई